समुद्रापासून लांब राहणाऱ्यानं डाइव्ह कॉम्प्युटर कसा निवडावा

रावेरकडच्या एका केळी उत्पादक भाऊंनी विचारलं आहे: वय ४३, त्यांचा आणि वहिनींचा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, गेल्या हिवाळ्यात झाला, येत्या डिसेंबरात अंदमानला स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, चार-पाच दिवस डायव्हिंगचा बेत आहे. पाण्याखाली किती खोल आहोत आणि अजून किती वेळ राहता येईल हे दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर दोघांत मिळून एक चालेल का? घ्यायचा तर कोणता? दुकानदार म्हणतो तसा सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारा महागडा घ्यावा, की पुतण्या म्हणतो तसं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा पुरे?

भाऊ, आधी थेट उत्तर. दोघांना दोन घ्या, आणि एकाच मॉडेलचे घ्या. मनगटी, मोठ्या आकड्यांचे, बॅटरी घरी बदलता येईल असे. क्रेसी लिओनार्दो, मारेस पक, सूंतो झूप नोवो या पंगतीतला कोणताही चालेल. नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची, सोय या सगळ्यांत असतेच, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. दुकानदार म्हणतो तो, सिलिंडरचा दाब मनगटावर पाठवणारा ट्रान्समीटर आत्ता नको. आणि दोन-तीन वर्षांतून एखाद्याच वेळी जाणं होणार असेल तर विकतही घेऊ नका, तिथल्या डाइव्ह सेंटरवर दोन भाड्यानं घ्या. फक्त पहिल्या दिवशी मिळालेले तेच दोन शेवटपर्यंत हातावर राहतील हे ठरवून घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

मी मूळचा अमळनेरचा, हंगामात किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवतो. गावी कुणाला हे सांगितलं की पहिला सवाल ठरलेला: ‘आठे कोठे शे समुद्र?’ सवाल हसण्यावारी जातो, पण कॉम्प्युटर निवडताना मी तोच आधी धरतो. या यंत्रांची परीक्षणं लिहिणारे बहुतेक जण दर आठवड्याला पाण्यात जाणारे असतात. तुमचा कॉम्प्युटर वर्षातले अकरा महिने रावेरच्या कपाटात पडून राहणार आहे, त्यातले दोन महिने पारा ४५ च्या आसपास असताना. त्यामुळे त्यांची आवडनिवड तुम्हाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

आता दोघांत एक का नको. कॉम्प्युटरच्या आत मुळात दोनच गोष्टी असतात: पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर आणि घड्याळ. समुद्रात दर १० मीटरला दाब १ बारनं वाढतो. तुम्ही किती खोलीवर किती वेळ होतात यावरून तुमच्या अंगात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब ते यंत्र दर काही सेकंदांनी करत राहतं. हा हिशेब शरीराचे काल्पनिक भाग पाडून होतो. १९०८ साली हॉल्डेन यांनी ही पद्धत मांडली, पुढे झुरिकच्या ब्यूलमन यांनी ती १६ भागांपर्यंत नेली. तुम्हाला हे जमिनीवरून चटकन कळेल: नदीकाठची वाळूमिश्रित जमीन पाणी लगेच पिते आणि लगेच सोडते, काळी जमीन सावकाश पिते पण मग दिवसेंदिवस धरून ठेवते. ब्यूलमनच्या १६ भागांतला सर्वांत चपळ भाग चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो आणि सर्वांत सुस्त भागाला अर्धं भरायला ६३५ मिनिटं लागतात. म्हणजे आज सकाळच्या डाइव्हचा नायट्रोजन उद्या सकाळीही थोडा अंगात असतो, आणि यंत्र त्याचीही नोंद ठेवून असतं.

ही नोंद ज्याच्या मनगटावर यंत्र होतं त्याचीच असते. तुम्ही २ मीटर खाली गेलात आणि वहिनी वरच थांबल्या, तर दोघांचे हिशेब त्या क्षणापासून वेगळे झाले. सकाळी तुम्ही बांधलेला कॉम्प्युटर दुपारी वहिनींनी बांधला, तर तो तुमच्या सकाळवरून त्यांची दुपार मोजणार, आणि तुमच्या हातात काहीच उरणार नाही. भाड्याचा कॉम्प्युटर रोज बदलून घेऊ नका म्हणालो ते याचसाठी. काल तो कुण्या दुसऱ्याच्या हातावर होता, तुमच्या कालच्या डाइव्हबद्दल त्याला काहीही माहीत नसतं.

एकाच मॉडेलचे दोन घ्या, याचं कारण साधं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची गणितं वेगळी असतात, त्यामुळे शेजारी-शेजारी पोहणाऱ्या नवरा-बायकोच्या पडद्यांवर वेगळे आकडे दिसतात. अशा वेळी नियम असा की ज्याचा उरलेल्या वेळेचा आकडा कमी, त्याचं दोघांनी ऐकायचं. पण पाण्याखाली हा वाद खुणांनी मिटवावा लागतो. मॉडेल एकच असेल, सेटिंग एकच असेल तर आकडे जवळपास सारखे राहतात. शिवाय एकानं पुस्तिका नीट वाचली की दुसऱ्याला शिकवता येतं. (घरात पुस्तिका कोण वाचतं हे तुमचं तुम्हाला ठाऊक.)

या गणितांवरून डायव्हर मंडळी तासन्‌तास भांडतात. कुणाचा अल्गोरिदम उदार, कुणाचा कंजूष, कोणता तळाशी पाच मिनिटं जास्त देतो. दुकानदारही हेच पुढे करतो. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन एकदा बसा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचा ११.१ लिटरचा सिलिंडर मिळतो, भरलेला असताना २०० बार. त्यातले ५० बार राखीव, उरले १५० बार, म्हणजे साधारण १,६६५ लिटर हवा. नवा डायव्हर पृष्ठभागाच्या हिशेबानं मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा ओढतो. १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे तिथं मिनिटाला ५६ लिटर. भागाकार केला तर हवा अर्ध्या तासात संपते. त्याच १८ मीटरवर पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात डिकम्प्रेशनचा थांबा, म्हणजे अंगातला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना सक्तीनं घ्यायचा थांबा, न घेता राहण्याची मुदत आहे ५६ मिनिटं.

म्हणजे नायट्रोजनची मुदत संपायच्या कितीतरी आधी तुमची हवा संपणार आहे. कंपनीनं पाच मिनिटं जास्त दिली काय आणि पाच कमी केली काय, ओपन वॉटरच्या १८ मीटर मर्यादेत, दिवसाच्या पहिल्या डाइव्हला तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. मालवण-तारकर्लीच्या उथळ जागी तर हे आणखी ठळक होतं: १० मीटरवर तक्ता २१९ मिनिटं देतो आणि हवा चाळीसेक मिनिटांत संपते. फक्त मालवणलाच जाणारा कुणी विचारतो तेव्हा मी सरळ सांगतो, ते पैसे मास्क आणि फिन्सवर घाला.

फरक पडतो तो पुढे. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केलात आणि ३० मीटरला जाऊ लागलात की हवा साधारण २० मिनिटांची आणि तक्त्यातली मुदतही २० मिनिटांची, दोन्ही बरोबरीत येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला, अंगात आधीचा नायट्रोजन साठलेला असताना मुदत आणखी आखडते. अंदमानला जॉनीज गॉर्जसारखी खोल जागा याच दिवसांत वाट्याला आली तर कॉम्प्युटर हातावर नसताना मी कुणाला खाली नेणार नाही. तक्ता अख्खी डाइव्ह सर्वांत खोल बिंदूवरच काढली असं धरतो. कॉम्प्युटर मात्र तुम्ही हळूहळू वर येत गेलात तसतशी मुदत वाढवून देतो. त्याचे पैसे वसूल होतात ते इथं.

कंजूष-उदारपणा तुम्हालाही बदलता येतो. सूंतोत पी-शून्य, पी-एक, पी-दोन अशा पायऱ्या आहेत, क्रेसीत एसएफच्या, शेअरवॉटरमध्ये कमी-मध्यम-जास्त. चाळिशी ओलांडलेल्या, वर्षातून एकदा पाण्यात उतरणाऱ्या माणसानं एक पायरी कंजूष बाजूला ठेवावी असं माझं मत आहे. कारण यंत्राला खोली आणि वेळ एवढंच कळतं. भुसावळहून सुरू झालेला दीड-दोन दिवसांचा प्रवास, अपुरी झोप, बोटीवर उलट्या होऊन अंगातलं कमी झालेलं पाणी, हे त्याला कुठून कळणार?

नव्या माणसाच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट जाहिरातीत कोपऱ्यात असते: वर येण्याच्या वेगाचा काटा. पूर्वी मिनिटाला १८ मीटरपर्यंत चालतं असं शिकवत, आता बहुतेक कॉम्प्युटर ९-१० मीटरच्या वर गेलं की ओरडायला लागतात. ५ मीटरवर ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येण्याआधी खबरदारी म्हणून घ्यायच्या थांब्याची, उलटी मोजणीही ते आपोआप सुरू करतात. हे दोन आकडे एका नजरेत दिसतात की नाही, हे दुकानात यंत्र हातात घेऊन बघा.

आणि आता चष्म्याचा विषय, जो ४३ व्या वर्षी टाळता येत नाही. मास्कच्या काचेतून वस्तू थोड्या मोठ्या आणि जवळ दिसतात, पण जवळचं वाचण्याची नजर कमी झालेली असेल तर त्यानं भागत नाही. माझा एक साधा उपाय आहे. संध्याकाळी घरातला दिवा न लावता, चष्मा काढून, कॉम्प्युटर हात लांब करून धरा. खोली, उरलेली मुदत आणि वेळ हे तीन आकडे न अडखळता वाचता आले तर तो तुमचा. तारीख, तापमान, होकायंत्र वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. शेअरवॉटर पेरेग्रीनचा २.२ इंची रंगीत पडदा या परीक्षेत सहज पास होतो, आणि पैशांची अडचण नसेल तर नजरेसाठी म्हणून तो घेण्याला माझा विरोध नाही. घड्याळाएवढे देखणे कॉम्प्युटर मात्र इथंच नापास होतात. लग्नाला घालून जाण्याची हौस वेगळ्या घड्याळानं भागवा.

पेरेग्रीनची एक अडचण आहे, ती रावेरात जास्त जाणवेल. त्याची बॅटरी चार्ज होणारी आहे. रोज डायव्हिंग करणाऱ्याला ती सोयीची. पण लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून उन्हाळाभर ठेवली की तिचं आयुष्य घटतं. असा कॉम्प्युटर घेतलात तर घरी आल्यावर अर्धा चार्ज ठेवा, पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या कपाटात न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज बघत जा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर कोणताच कॉम्प्युटर विसरायचा नाही.

नाणं-बॅटरीवाले साधे कॉम्प्युटर हा उन्हाळा बरे काढतात. पण बॅटरी कोणती ते नीट बघून ठेवा. सीआर २०३२ आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळते. या कॉम्प्युटरांना बहुधा २४३० किंवा २४५० लागते, आणि ती तालुक्याच्या गावी ऐनवेळी सापडेलच असं नाही. आकड्यांचा अर्थ सोपा आहे: २४५० म्हणजे व्यास २४ मिलिमीटर, जाडी ५, २४३० म्हणजे व्यास तोच, जाडी ३. एकीच्या जागी दुसरी बसवून चालत नाही. चांगल्या कंपनीच्या दोन आधीच मागवून ठेवा, आणि विमानात सुट्या बॅटऱ्या केबिनच्या पिशवीत न्या, लगेजमध्ये टाकता येत नाहीत.

बॅटरी बदलायला जळगावच्या फुले मार्केटातल्या घड्याळवाल्याकडे जाऊ नका. माणूस कारागीर असेल, पण त्याला ३० मीटरची सवय नाही. झाकणाखालची रबराची ओ-रिंग नवी हवी, तिच्यावर केसभर धूळ नको, कंपनी सांगेल तेवढंच सिलिकॉन ग्रीस हवं. आपल्याकडे कोरड्या हवेत रबर कडक होतं, म्हणून जुनी रिंग परत बसवण्याची काटकसर करू नका. घरी बदलता येणारी बॅटरी म्हणजे रिंग आणि बॅटरीचं पाकीट मिळतं आणि टेबलावर दहा मिनिटांत काम होतं. ज्यांना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचीच गरज पडते त्या मॉडेलांसाठी पार्सल मुंबई-पुण्याला किंवा त्याही पलीकडे जातं, आणि हंगाम तोंडावर असतो. आणखी एक: अनेक मॉडेलांत बॅटरी काढली की साठलेल्या नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. म्हणून ती सहलीच्या आधी बदला, दोन डाइव्हच्या मध्ये नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, नळाच्या जोरदार धारेखाली न धरता भांड्यात बुडवून. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, बटणांवर आणि पाणी ओळखणाऱ्या धातूच्या टिकल्यांवर पांढरा थर धरतं, तेव्हा शेवटचं पाणी आरओचं घ्या. मग पूर्ण कोरडा करा. टिकल्या ओल्या राहिल्या तर यंत्राला वाटतं आपण अजून पाण्यातच आहोत, आणि ते उगाच जागं राहून बॅटरी खातं.

ट्रान्समीटरबद्दल थोडक्यात. सिलिंडरचा दाब मनगटावर येतो, सोय छान आहे. पण तो एक आणखी बॅटरी, आणखी एक ओ-रिंग आणि साध्या कॉम्प्युटरच्या जवळपास जाणारी किंमत घेऊन येतो. नळीवरचा दाबमापक तरीही ठेवावाच लागतो. नव्या डायव्हरनं तो मापक हातात घेऊन वारंवार बघण्याची सवय आधी लावलेली बरी.

पुतण्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ४० मीटरपर्यंतच्या हौशी डायव्हिंगसाठी ओशॅनिक प्लस ॲपवर खरोखर कॉम्प्युटरचं काम करतं. पण डिकम्प्रेशनचा पूर्ण हिशेब हवा तर त्या ॲपची वर्गणी भरावी लागते, चार्जिंग जवळपास रोज, आणि पडदा शेवटी घड्याळाचाच. पुतण्याकडे ते आधीच असेल तर त्यानं वापरावं. तुम्ही यासाठी म्हणून नवं घेऊ नका.

जुना, वापरलेला कॉम्प्युटर स्वस्तात मिळत असेल तर खोलीचा सेन्सर तपासल्याशिवाय घेऊ नका. त्यासाठी आपल्याकडे किनाऱ्यावाल्यांना नसलेली सोय आहे: विहीर. दोरीला फुटांच्या किंवा मीटरच्या गाठी मारा, खाली दगड बांधा, दगडाजवळ जाळीच्या पिशवीत कॉम्प्युटर ठेवा, तो चालू करून १० मीटर पाण्यात सोडा. पाच मिनिटांनी सावकाश वर ओढा आणि लॉगमधली कमाल खोली बघा. समुद्राच्या पाण्यावर जुळवलेला कॉम्प्युटर गोड्या पाण्यात ३ टक्के कमी दाखवतो, म्हणजे ९.७ च्या आसपास आकडा आला तर सेन्सर ठीक. नवा घेतल्यावरही हे करा, म्हणजे बटणं, लॉग, सेफ्टी स्टॉप सगळं घरच्या घरी ओळखीचं होईल. फक्त ओढताना घाई केलीत तर तो वेगाची तक्रार नोंदवेल, आणि विहिरीतल्या डाइव्हचा नायट्रोजन तुमच्या खात्यावर मांडेल. म्हणून हा खेळ सहलीच्या आठवडाभर आधी उरका. थांबा चुकवण्यासारखी मोठी चूक त्याच्या लेखी झाली तर काही मॉडेलं २४ ते ४८ तास हिशेब देणंच बंद करतात.

शेवटी परतीचा प्रवास, कारण तिथं ‘अजून विमानात बसू नका’ असं सांगणारं कॉम्प्युटरचं विमानाचं चिन्ह बघावं लागतं. डॅन या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या सूचनेप्रमाणे एकाच साध्या डाइव्हनंतर विमानासाठी किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान १८ तास थांबायचं. मी २४ सांगतो. अंदमानात याचा अर्थ असा की परतीच्या आदल्या दिवशी डाइव्ह ठेवायची नाही, तो दिवस फेरीनं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, येण्यात आणि फिरण्यात घालवायचा. तिकीट काढतानाच हे जुळवा.

मालवणहून परतताना मात्र खान्देशी माणूस हमखास एक गोष्ट विसरतो. दुपारी दुसरी डाइव्ह संपते, तीन वाजता गाडी निघते आणि दोनेक तासांत आंबोलीला, ६९० मीटरवर पोचते. हा प्रवास विमानाचा नाही म्हणून कुणी मोजत नाही, पण डॅनच्या त्या सूचना ६१० मीटरच्या उंचीपासूनच लागू होतात. उथळ पाण्यातल्या एका ट्राय-डाइव्हनंतर, म्हणजे कोर्स न करता प्रशिक्षकाबरोबर मारलेल्या बुडीनंतर, मी फार काळजी करणार नाही. सर्टिफिकेटवाल्यांनी दोन-तीन खऱ्या डाइव्ह केल्या असतील तर रात्र मालवणलाच काढावी, सकाळी कॉम्प्युटरवरचं विमानाचं चिन्ह गेलेलं बघावं आणि मग घाट चढावा. कुडाळहून कोकण रेल्वेनं निघालात तर पनवेल-ठाण्यापर्यंत गाडी खालूनच येते. कसारा चढेपर्यंत बहुतेक तास आपोआप भरलेले असतात, आणि त्या चिन्हावर नजर टाकली की खात्रीही होते.